गारवा कोणाच्या श्रमाचा?

१

एप्रिल महिन्यातील दुपारचा तास होता. द्वितीय वर्षाच्या वर्गात विषय प्राचीन चीनकडे वळला होता. वर्गात दोन पंखे. त्यांपैकी एक बंद. समोर बसलेल्यांपैकी निम्मी मुले चाकण, भोसरी, तळवडे येथील कारखान्यांत रात्रपाळी करून आलेली. त्यांचे डोळे मिटत होते. त्यांना जागे ठेवावे म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवले आणि विचारले, "दोन हजार वर्षांपूर्वी वीज नव्हती. मग चीनमधले लोक उन्हाळ्यात काय करीत असतील?" कोणीच बोलेना, तेव्हा मीच सांगू लागलो.

हान राजवटीत डिंग ह्वान नावाचा एक कुशल कारागीर होऊन गेला. त्याने सात चाकांचा पंखा तयार केला होता. प्रत्येक चाक पुरुषभर उंचीहून मोठे, आणि सातही चाके एकमेकांना जोडलेली. एकट्या माणसाने तो पंखा फिरवला की भर उन्हाळ्यात दालनातील मंडळींना हुडहुडी भरत असे, असे वर्णन जुन्या चिनी ग्रंथात आहे. मुले जागी झाली. मला बरे वाटले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला. तो चाकणच्या एका कारखान्यात 'शिका आणि कमवा'च्या नावाखाली आठ तास उभा राहतो, हे मला ठाऊक होते. मागच्या मे महिन्यात कामावर असताना त्याला चक्कर आली आणि त्या दिवसाचा पगार कापला गेला, हेही ठाऊक होते. तो म्हणाला, "सर, दालनातल्यांना हुडहुडी भरली. पण फिरवणाऱ्याचं काय होत असेल?"

वर्ग हसला. मीही हसलो. पण तास संपल्यावर तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. मी इतिहासाचा अध्यापक. आमच्या घराण्यातील पहिला पदवीधर. आणि डिंग ह्वानचे नाव मला पाठ होते, पंखा फिरवणाऱ्या माणसाचा विचारही मनात आला नव्हता. ज्यांच्या घामावर आपण शिकलो त्यांना विसरून शिकवण्याची सवय आपल्यालाही किती लवकर लागते! हा लेख त्या मुलाला द्यावयाचे उत्तर आहे.

२

आधी चीनचेच पाहू. 'चौ ली' या राज्यकारभाराची रचना सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात बर्फाच्या खात्याची नोंद आहे. ऐन हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यातून बर्फ कापायचा, कोठारात साठवायचा, आणि उन्हाळ्यात तो राजाच्या वतीने वाटायचा, हे या खात्याचे काम. बर्फ गरजेच्या तिप्पट साठवावा, असा नियम होता; कारण बराचसा वाटेतच वितळून जाणार. या खात्यात ९४ माणसे सांगितली आहेत. त्यांतील ८० सर्वांत खालच्या पायरीवरचे कामकरी. म्हणजे काही मोजकी माणसे हिशेब आणि देखरेख करीत, आणि ८० माणसे हिवाळ्याच्या कडाक्यात बर्फावर उभी राहून तो कापीत. उन्हाळ्यात तो बर्फ कोणाच्या वाट्याला येई? ज्यांचा दरबारात मान होता त्यांच्या.

१९७८ साली चीनच्या हूपै प्रांतात त्सेंग राज्याचा अधिपती यी याच्या थडग्याचे उत्खनन झाले. हे थडगे इसवीसनापूर्वी सुमारे ४३३ सालचे. त्यात काशाचे एक अद्भुत भांडे निघाले. भांड्यात भांडे, आतल्या भांड्यात मद्य आणि दोहोंमधल्या पोकळीत बर्फ. जगातील अतिप्राचीन शीतपेटी म्हणून या भांड्याचे कौतुक होते, आणि कारागिरी पाहता ते योग्यच आहे. परंतु त्याच थडग्यात २१ तरुण स्त्रियांच्या शवपेट्याही निघाल्या. मालकाबरोबर मरणोत्तर सेवेसाठी त्यांना धाडले होते. ज्या घरात उन्हाळ्यातही मद्य गार मिळत होते, त्या घरात माणसाच्या जिवाची किंमत ही होती.

येथे भौतिकशास्त्रातील एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. उष्णता नाहीशी होत नाही. ती एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. आज खिडकीत बसवलेले वातानुकूलन यंत्र आतली उष्णता उपसून गल्लीत फेकते; खोली थंड होते, गल्ली तापते. जुन्या काळी हे उपसण्याचे काम माणसाच्या हाताने होई. पंखा फिरवणाऱ्याच्या स्नायूंत उष्णता निर्माण होई आणि वारा मालकाला लागे. म्हणून गारव्याचा इतिहास हा वस्तुतः उष्णतेच्या वाटणीचा इतिहास आहे. कोणाच्या वाट्याला दालन आणि कोणाच्या वाट्याला अंगण, हे ठरवणारी जी व्यवस्था, तिचाच तो इतिहास आहे.

३

चीन दूर आहे असे कोणी म्हणेल. पण गारवा तयार करणारा चिनी माणूस मला आपल्या सातारा जिल्ह्यात सापडला.

मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरला थंड हवेचे ठिकाण वसवले. त्याच्याच नावाने तेथील पेठेला माल्कमपेठ म्हणू लागले. पुढे मुंबई सरकारचा उन्हाळा तेथे आणि पावसाळा पुण्यात, असा शिरस्ता पडला. डोंगरावर बंगले बांधायचे, रस्ते फोडायचे, बागा लावायच्या, तर मजूर हवेत. १८३४ साली तेथे एक तुरुंग बांधला गेला. त्यात पूर्वेकडील वसाहतींतून काळ्या पाण्याची शिक्षा होऊन आलेले चिनी आणि मलय कैदी ठेवले. साहेबाच्या उन्हाळी फेरफटक्याच्या रस्त्यांवर आणि बागांत या कैद्यांनी काम केले. हा तुरुंग १८६४ साली बंद झाला. आज स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असते?

जे साहेब डोंगरावर जाऊ शकत नसत, त्यांच्यासाठी खाली छावणीत पंखा असे. छताला टांगलेली लाकडी चौकट, तिला कापडाची झालर, आणि तिची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर व्हरांड्यात काढलेली. दोरीच्या त्या टोकाला एक माणूस. तो दिवसभर आणि रात्रभर दोरी ओढी. हात थकले की ती पायाच्या अंगठ्याला बांधी. दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावीत, आणि दुसरा माणूस पखालीतील पाणी त्यांवर शिंपडी. आत सुगंधी गार वारा, बाहेर वैशाखाचे ऊन. मधे फक्त एक भिंत आणि भिंतीला एक भोक!

दोरी ओढणाऱ्याला डुलकी लागली की पंखा थांबे. पंखा थांबला की साहेब जागा होई. एकोणिसाव्या शतकातील न्यायालयांच्या कागदपत्रांत पुढची हकिकत सापडते. गोऱ्याची लाथ बसून पंखेवाला मेला, असे खटले एकदोन नव्हेत, पुष्कळ झाले. बचाव बहुधा एकच असे: हिवतापाने मृताची प्लीहा आधीच वाढली होती, ती थोड्याशा धक्क्याने फुटली. शिक्षा किरकोळ दंडाची, किंवा तीही नाही. व्हाइसरॉय कर्झन यालाही या प्रकारांची दखल घ्यावी लागली होती. मरणाऱ्याचा दोष काय, तर तो माणूस होता आणि माणसाला झोप येते.

ही परकीयांची करणी झाली. तिच्यावर आपले राष्ट्रीय वृत्तीचे इतिहासकार भरभरून लिहितात. स्वकीयांच्या करणीकडे वळले की त्यांची लेखणी एकाएकी थंडावते.

४

उन्हाळ्यात माणसाला गार राहावयाचे तर तीनच गोष्टी लागतात. सावली, वारा आणि पाणी. सोने लागत नाही, राजवाडा लागत नाही. निसर्गाने या तिन्ही गोष्टी फुकट दिल्या आहेत. आपल्या समाजव्यवस्थेची करामत अशी, की तिने या तिन्ही फुकट गोष्टींना जातीचे कुंपण घातले.

प्रथम सावली. पेशवाईत पुणे शहराच्या वेशीतून महार-मांगांना सकाळी नऊपूर्वी आणि दुपारी तीननंतर आत येण्यास बंदी होती, ही गोष्ट घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. कारण काय, तर त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि लांब सावलीने उच्चवर्णीय विटाळतो. हे आपण सर्वांनी ऐकले आहे, सभांतून सांगितले आहे. मात्र त्याचा उन्हाळ्यातील अर्थ मला त्या मुलाच्या प्रश्नापर्यंत उमगला नव्हता. नऊपूर्वी बंदी आणि तीननंतर बंदी, म्हणजे प्रवेश नऊ ते तीन. चैत्र-वैशाखात अंगाची लाही करणारे जे तास, नेमके तेच आमच्या वाट्याला आले. सकाळचा गारवा त्यांचा, संध्याकाळची झुळूक त्यांची. आम्ही रस्त्यावर यायचे ते सूर्य डोक्यावर असताना, आपली सावली आपल्याच पायांखाली तुडवीत.

मराठी भाषेत 'सावली' हा शब्द दोन अर्थांनी येतो. झाडाची सावली आणि माणसाची सावली. एक हवीहवीशी, दुसरी आमच्या बाबतीत विटाळाची. वडा-पिंपळाच्या पारावर गाव बसे; आम्हाला पार वर्ज्य. आमची सावली गावाला नको होती, आणि गावाची सावली आम्हाला मिळत नव्हती. त्यात कित्येक गावांत वहाणा घालून गावातून चालण्याची मुभा नसे. चामडे कमावणारे आणि वहाण शिवणारे हात अस्पृश्यांचे, आणि तापलेल्या फुफाट्यात अनवाणी पाय अस्पृश्यांचेच. कामगार अधिकारी दौऱ्यावर आला की वतनदार महाराने निरोप घेऊन या गावाहून त्या गावाला पळायचे, ते ऊन पाहून नव्हे. ही वतने कायद्याने संपली ती १९५८ साली.

दुसरा वारा. माझी आजी सोलापूर जिल्ह्यातील. बार्शीकडच्या एका गावात तिचा महारवाडा गावाच्या पूर्वेला होता. देशावरील पुष्कळ गावांत तो पूर्वेलाच आढळतो. मी लहानपणी आजीला विचारले होते, "आपली घरं तिकडंच का?" ती म्हणाली, "वारं मावळतीकडनं येतं. गावाचं वारं आपल्याकडं आलं तर चालतं. आपलं वारं गावाकडं गेलं तर बाटतं." कोणत्याही विद्यापीठात न गेलेल्या माझ्या आजीने ग्रामरचनेचे शास्त्र दोन वाक्यांत सांगितले. गावातील उकिरड्यांवरून, गोठ्यांवरून, चुलींवरून तापून आलेला वारा आमच्या झोपड्यांना लागे. मोकळा वारा अगोदरच वापरून झालेला असे.

तिसरे पाणी. याविषयी अधिक बोलले पाहिजे, कारण तेथेच आमच्या लढ्याचा उगम आहे.

माठातील पाणी गार का होते? मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आपला घामही असेच काम करतो. गरिबाला परवडेल असे याहून स्वस्त शीतयंत्र जगात नाही. पण जातिव्यवस्थेच्या शास्त्रात मातीचे भांडे फार नाजूक! तांब्यापितळेचे भांडे बाटले तर घासून-पुसून शुद्ध होई. मातीचे बाटले की फोडावे लागे. म्हणून पाणपोईच्या माठाला आमचा हात लागता कामा नये. पुण्य मिळवण्यासाठी चैत्रात पाणपोई घालणारा आमच्या ओंजळीत वरून धार सोडी, आणि तीही त्याच्या मर्जीने. आणि हे पाणी विहिरीतून वर येई ते कशाने? चामड्याच्या मोटेने. ती मोट ढोरा-चांभाराने केलेली. चामड्यातून आलेले पाणी पवित्र, चामडे कमावणारा मात्र अपवित्र! या तर्कशास्त्रापुढे कोणत्याही बुद्धिमान माणसाने हात टेकावेत.

नानासाहेब पेशव्याच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून नळ बांधून पुण्यात पाणी आणले गेले. ते पेठापेठांतील हौदांत खेळले आणि शनिवारवाड्यातील कारंज्यांतून उडाले. त्या काळच्या अभियांत्रिकीचा तो एक उत्तम नमुना होय. परंतु ज्या शहरात वाड्यातील हवा थंड करण्यासाठी पाणी उडवले जात होते, त्याच शहरात तहानलेल्या अस्पृश्याला हौदाच्या काठावर जाता येत नव्हते. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. कारंज्यापासून या हौदापर्यंतचे अंतर चालत गेले तर फार नाही. इतिहासाला ते कापायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

१९०१ च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुटीत नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे भाऊ आणि दिवंगत बहिणीची मुले साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघाली. मसूर स्थानकावर न्यायला कोणी आले नव्हते. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. टोपलीत जेवण होते, पाणी नव्हते. वाटेत जे पाणी दिसले ते शेणामुताने गढूळ झालेले. टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळाले नाही. भरपूर अन्न जवळ असून मुले उपाशी झोपली, कारण पाण्यावाचून घास उतरत नाही. ही आठवण बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवली. घटनेचा शिल्पकार होण्याआधी तो उन्हाळ्यात तहानलेला एक मुलगा होता, हे आपण विसरू नये.

महाडचा सत्याग्रहही उन्हाळ्याच्या तोंडावरचा. १९ मार्च १९२७ रोजी परिषद भरली. समोर चवदार तळे भरलेले असताना जमलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, मोर्चा तळ्यावर गेला आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. ते पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आलो आहोत, हा त्या कृतीचा आशय होता. तळ्यावरील हक्काचा न्यायालयीन वाद उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकालात निघाला तो १९३७ साली. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे लागली.

५

गाव सोडून आमची माणसे शहरात आली ती पोटासाठी तशी श्वास घेण्यासाठीही. गिरणीत तरी सर्वांना एकच हवा असेल, असे वाटले होते. प्रत्यक्षात तेथे हवा माणसासाठी नव्हतीच. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून विणाई खात्यात वाफ सोडून हवा दमट ठेवीत. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. सूत वाचावे म्हणून माणूस शिजत असे. गंमत अशी, की हे शिजणेही आमच्या वाट्याला नव्हते. विणाई खात्यात पगार चांगला. तेथे धोट्यातील सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याचे उष्टे सूत चालणार नाही, म्हणून मुंबईच्या गिरण्यांत विणाई खाते अस्पृश्यांना बंद होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. भांडवलशाहीच्या उष्णतेतही जातीने आपली जागा राखून ठेवली होती!

आता आमच्या या पट्ट्याकडे येऊ. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि माळरानाचे दिवस पालटले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले. मोटारी, स्कूटर, यंत्रे, ओतकाम, घडाईकाम यांचे कारखाने उभे राहिले. पुढे चाकणपर्यंत रांग लागली. या कारखान्यांत गारवा नाही असे कोणी म्हणू नये. भरपूर आहे. फक्त तो कोणासाठी आहे, हे पाहावे लागते.

पेनिसिलिन देणारी बुरशी जास्त उष्णतेत नीट काम करीत नाही. तिला २५ अंशांच्या आसपास ठेवावे लागते, म्हणून तिच्या टाकीभोवती थंड पाणी खेळवतात. सुटे भाग मोजण्याची खोली २० अंशांवर ठेवतात. जगभर मापनासाठी हेच तापमान प्रमाण मानले आहे, कारण एक मीटर लांबीचा पोलादी दांडा दर अंशाला मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाने वाढतो आणि माप चुकते. संगणकावर चालणाऱ्या यंत्राच्या विजेच्या कपाटाला स्वतःचा एसी असतो. आतला इलेक्ट्रॉनिक भाग तापला तर यंत्र बंद पडते. विजेच्या भट्टीच्या वेटोळ्यातून सतत पाणी फिरते, आणि वीज गेली तरी ते थांबू नये म्हणून उंचावर वेगळी टाकी बांधतात. बुरशीला २५ अंश, पोलादाला २० अंश, कपाटाला एसी, भट्टीला राखीव पाणी. आणि माणसाला?

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत मांडलेल्या विधेयकाने १९४६ साली कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. भट्टीसमोर सहा तास कमी उभे राहणे म्हणजे काय, हे भट्टीवाल्यालाच विचारावे. नंतर १९४८ चा कारखाने कायदा आला. त्याच्या कलम १३ ने कामाच्या जागी हवा खेळती आणि तापमान वाजवी सोयीचे असावे, असे बंधन घातले. कलमात आकडा नव्हता. तो राज्यांच्या नियमांवर सोपवला होता. कलम १८ ने उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करून देण्याची सक्ती केली, पण २५० हून अधिक कामगार असतील तेथेच. भोसरीच्या गल्लीबोळांत पंधरा-वीस माणसांची वर्कशॉपे आहेत. त्यांतील माणसाच्या घशाला कायद्याने कोरडे राहण्याची मुभा दिली. आता या कायद्याची जागा २०२० च्या श्रम संहितेने घेतली आहे. संहिता बदलली, पत्रा तोच आहे.

माझे वडील अशाच एका ओतशाळेत होते. ओतताना लोखंड साधारण १,३५० ते १,४०० अंशांवर असते. त्यांच्या मागे एक मोठा पंखा ठेवलेला असे. त्याला 'मॅनकूलर' म्हणत. हवेचे तापमान कातडीच्या तापमानाहून, म्हणजे सुमारे ३५ अंशांहून, वर गेले की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. मग जो काही गारवा मिळतो तो आपल्याच घामाचा. वडील घरी येत तेव्हा त्यांच्या शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असत. आई तो शर्ट वेगळा भिजत घाली. लहानपणी मला ते नकाशे देशांचे वाटत. आज कळते, की तो आमचाच भूगोल होता.

६

आजोबा १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडून, पुढे पिंपरीला आले. वस्तीत दहा बाय दहाची पत्र्याची खोली मिळाली. गावाकडचे धाब्याचे मातीचे छप्पर उन्हात सावकाश तापे. पत्रा दहा वाजताच चुलीवरच्या तव्यासारखा होई आणि रात्री उशिरापर्यंत आग ओकी. तरी आमच्या माणसांनी हार मानली नाही. आजी पत्र्यावर ओले बारदान टाकी. आजोबांनी वर पाचटाचा थर दिला होता. दाराशी वाळूत रोवलेला माठ, त्याला ओले फडके. कामावर जाताना डब्याबरोबर कांदा, आल्यावर ताक किंवा गुळाचे पाणी, रात्री गल्लीत ओळीने अंथरुणे. चीनच्या राजाच्या ९४ माणसांच्या खात्याची नोंद ग्रंथात आहे. माझ्या आजीच्या बारदानाची नोंद कोठे आहे? शरीर, पाणी आणि वारा यांचे हे ज्ञान आहे, आणि ते अपमान सोसून मिळवलेले आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी ते वस्तीवस्तीतून लिहून काढले पाहिजे. त्यासाठी पदवी लागत नाही, वही लागते.

मात्र या युक्त्यांचे कौतुक करून थांबणे धोक्याचे आहे. "गरीब लोक कसे भागवतात पाहा" असे म्हणून व्यवस्था मोकळी होते. बारदान हा न्याय नव्हे. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले की कोणताही कांदा वाचवीत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला एका सरकारी पुरस्कार समारंभात दुपारच्या उन्हात तासन्‌तास बसलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. व्यासपीठावर छप्पर होते. लोकांवर आकाश होते. ते लोक अस्पृश्य म्हणून उन्हात बसवले नव्हते, हे खरे. परंतु सावली कोणाला द्यावयाची आणि ऊन कोणाला, हे ठरवण्याची जी जुनी सवय, ती नऊ ते तीनच्या नियमाची नात आहे.

म्हणून आता आपली मागणी दयेची नसावी, मोजमापाची असावी. प्रत्येक कामाच्या जागी, माणसाच्या उंचीवर, सर्वांना दिसेल असा तापमापक हवा. त्यावर हवेतील ओलावाही कळावा. पोलादासाठी तो आहेच. ठरावीक आकड्यावर काम थांबावे, आणि थांबलेल्या वेळेचा पगार कापला जाऊ नये. पंधरा कामगार असोत की पंधराशे, गार पाणी सर्वांना मिळावे. कंत्राटी कामगार, बांधकामावरील बाई, रस्ता झाडणारा, गटारात उतरणारा, हे सगळे त्यात आले पाहिजेत. संघटनांच्या मागणीपत्रांत पगार आणि बोनस यांच्या पंक्तीला तापमान बसले पाहिजे. महाडला आपण पाण्यासाठी गेलो तेव्हाही पुष्कळांना ती क्षुल्लक मागणी वाटली होती.

१४ एप्रिलला पिंपरी चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ दरवर्षी माणसांचा समुद्र लोटतो. ऊन मी म्हणत असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोरे मांडव घालून उभी असतात. कोणी पाणी देते, कोणी ताक, कोणी सरबत. घेणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. भांडे हातात दिले जाते, वरून धार सोडली जात नाही. माझे वडील आता थकले आहेत, पण त्या दिवशी एका मांडवात माठाजवळ बसतात. यंदा शेवटच्या बाकावरचा तो मुलगा तेथे पाणी प्यायला आला. वडिलांनी त्याला पेला दिला आणि आपल्या हातातील पुठ्ठ्याने त्याला वारा घालू लागले. तो संकोचला. "बाबा, राहू द्या," म्हणाला, आणि पुठ्ठा त्यांच्या हातातून घेऊन त्यांनाच वारा घालू लागला.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथात मिळाले नव्हते. फिरवणाऱ्याचे काय होत असेल, हे फिरवणाऱ्याला ठाऊक असते. ज्या दिवशी तो दालनात बसेल आणि दालनातला उठून दोरी हाती घेईल, पाळीपाळीने, बरोबरीने, त्या दिवशी गारव्याचा इतिहास नव्याने लिहावा लागेल. तो लिहिणारी मुले माझ्या वर्गात आज पेंगत बसली आहेत. त्यांना आधी झोप मिळाली पाहिजे, पाणी मिळाले पाहिजे, आणि तो बंद पंखा दुरुस्त झाला पाहिजे.